श्वास नेहमीसारखा आहे का?

लहानपणी तिला घरात, शाळेत, शेजारपाजारी सगळे 'भोंगा' म्हणत. आवाजच तसा होता. तिसऱ्या मजल्यावरून ती भावाला हाक मारायची आणि खालच्या दुकानातली गिऱ्हाइकं माना वर करून बघायची. "जरा हळू, भिंती पडतील," हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे ते तिच्या कानात शिरेनासं झालं. वडिलांना मात्र तो आवाज आवडायचा. ते छापखान्यात कामाला होते. यंत्रांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळे कान मंद झालेले. घरात एकाच माणसाचं बोलणं त्यांना पहिल्या झटक्यात ऐकू यायचं, ते तिचं.

ती शाळेच्या शेवटच्या वर्गात असताना ते गेले. सुट्टीचा दिवस होता. दुपारी जेवून उठले, छातीत जरा जळजळतंय म्हणाले, आडवे झाले आणि थोड्या वेळाने घोरायला लागले. आईने पडदा ओढला, मुलांना बाहेर पिटाळलं आणि कुणी आवाज करायचा नाही अशी ताकीद दिली. चहाच्या वेळेला उठवायला गेली तेव्हा सगळं संपलं होतं. हार्ट अटॅक आला असावा, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एकच सांगायची, आणि सांगता सांगता त्याच वाक्याचा आधार धरून ती पुन्हा उभी राहिली. "त्यांना काही कळलंसुद्धा नाही. झोपेत गेले, घोरत घोरत गेले."

भोंग्याला तिच्या आवाजानेच नोकरी दिली. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचं काम. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाची पिशवी राहिली, कुणाचं मूल हरवलं. बरीच वर्षं तिने ते काम केलं. मग एके दिवशी तिथे ध्वनिमुद्रित आवाजाचं यंत्र बसवलं आणि तिला घरी बसवलं. घरी बसणं तिच्या रक्तात नव्हतं. नवरा चष्म्याच्या काचा घासून बसवायचा, शांत माणूस, दिवसाला मोजकंच बोलणारा. त्यानेच पेपरातली जाहिरात तिच्यापुढे सरकवली. शहराच्या रुग्णवाहिका केंद्राला फोन घेणारी माणसं हवी होती. "तिथे तुझं कुणी तोंड बंद करणार नाही," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

केंद्र म्हणजे एक लांबट खोली. खिडक्यांना जाड पडदे, टेबलांच्या दोन रांगा, प्रत्येक टेबलावर संगणक आणि कानाला लावायचा फोन. समोरच्या भिंतीवर शहराचा नकाशा आणि त्यावर सरकणारे रुग्णवाहिकांचे ठिपके. पहिले काही महिने भोंग्याला जड गेले. बसस्थानकावर तिचं बोलणं लोक ऐकायचे आणि निघून जायचे. इथे पलीकडचा माणूस तिलाच धरून लटकलेला असायचा. हळूहळू ती शिकली. पत्ता आधी, रडणं नंतर. ओरडणाऱ्याशी ओरडायचं नाही, पण पुटपुटायचंही नाही. तिचा भरदार आवाज घाबरलेल्या माणसाला खांबासारखा वाटायचा, हे खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आलं. केंद्राचे साहेब तिला बाई म्हणत आणि बाकीचे भोंगाताई. टोपणनाव तिच्याआधीच तिथे कसं पोचलं, हे तिला कधी कळलं नाही.

तिथे दहा वर्षं झाली असतील नसतील, तेव्हा एक हृदयाची डॉक्टर खोलीत येऊन उभी राहिली. वयाने भोंग्याच्या धाकट्या बहिणीएवढी, केस घट्ट बांधलेले, बोलणं सरळ. तिला एक अभ्यास करायचा होता. तिने समजावून सांगितलं की अटॅक येतो तेव्हा हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, पण माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, हॉस्पिटलात पोचतो, बरा होतो. काहींचं हृदय मात्र त्यातच एकदम बंद पडतं. अशा वेळी गाडी येईपर्यंत कुणीतरी छाती दाबत राहिलं, तरच मेंदूला रक्त मिळतं. फोन घेणारा माणूस हे फोनवरून करून घेऊ शकतो. केंद्राच्या कागदावर तशा सूचना होत्याच. पण शहरातल्या अशा कितीतरी फोनांमध्ये छातीला कुणी हातच लावला नव्हता. तो का लावला नाही, हे तिला जुनी ध्वनिमुद्रणं ऐकून शोधायचं होतं, आणि त्यासाठी फोन घेणाऱ्यांपैकीच कुणीतरी सोबत हवं होतं.

साहेबांना वाटलं ही बाई आमच्या चुका काढायला आलीय. डॉक्टरने त्यांना शब्द दिला की कुणाचंही नाव कुठेही येणार नाही, आणि दोष माणसांत नाही, वाक्यांत शोधायचा आहे. तरी एकेकाने काढता पाय घेतला. मेलेल्यांचे फोन पुन्हा कोण ऐकणार? भोंग्याने हात वर केला. खरं सांगायचं तर त्या कामाला दिवसाची पाळी होती, ठरलेली वेळ होती, आणि तिच्याकडेच राहणारी आई आता थकत चालली होती. त्यापलीकडे तिने फारसा विचार केला नव्हता.

शेजारच्या छोट्या खोलीत दोघी बसायच्या. डॉक्टर ध्वनिमुद्रण लावायची, थांबवायची, मागे न्यायची. पहिल्या आठवड्यात भोंग्याला जेवण जाईना. मग कान तयार झाला. हृदय बंद पडलेल्यांच्या बहुतेक फोनांमध्ये बोलणं एकाच ठिकाणी अडत होतं. कागदावरचा प्रश्न होता, "पेशंट श्वास घेतोय का?" आणि पलीकडून उत्तर यायचं, "हो." श्वास आहे म्हटल्यावर छाती दाबायचा विषयच संपला. फोन घेणारा सांगायचा, कुशीवर वळवा, गाडी येतेच आहे.

एका फोनात एक बाई नवऱ्याबद्दल सांगत होती. हाका मारल्या तरी उठत नाहीत, पण श्वास चालू आहे, नुसते घोरतायत. तिने फोन त्याच्या तोंडाजवळ नेला असावा. खोलीत तो आवाज भरला. एक खोल, खरखरीत ओढ, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक ओढ.

डॉक्टरने यंत्र थांबवलं. हृदय बंद पडल्यावरही काही मिनिटं असा आवाज येऊ शकतो, तिने सांगितलं. तो श्वास नसतो. मेंदूची शेवटची धडपड असते. छाती दाबायची वेळ असते ती नेमकी हीच, आणि ऐकणाऱ्याला वाटतं माणूस झोपलाय.

भोंग्याने पुढचा फोन लावायला सांगितला. घरी जाताना ती दोन थांबे आधीच उतरली आणि चालत निघाली. ओढलेला पडदा, दाराबाहेर गप्प बसलेली भावंडं, आणि आतून येणारा तो आवाज. तो तिला जसाच्या तसा आठवत होता. त्या वेळी कुणी काही करू शकलं असतं की नाही, कोण जाणे. त्या काळी असं काही कुणाला ठाऊकच नव्हतं. पण आईच्या वाक्याखालची जमीन सरकली होती, आणि आईला ते माहीत नव्हतं. तिने ठरवून टाकलं की आईला यातलं अक्षर सांगायचं नाही.

आता काम होतं नवी वाक्यं घडवायचं. ते वाटलं होतं त्याहून अवघड निघालं. आपल्याकडे या आवाजाला शब्द नाहीत असं नाही. आचके आहेत, घरघर आहे. पण ते शब्द मरणाचे आहेत. समोर नवरा पडलेला असताना बायको 'आचके देतायत' म्हणत नाही. ती म्हणते घोरतायत, उसासे टाकतायत, दमल्यासारखं करतायत. म्हणजे विचारायचं तेही तिच्याच शब्दांत. डॉक्टर एक वाक्य लिहायची, भोंगा ते मोठ्याने म्हणून बघायची आणि तोंड वाकडं करायची. भोंगा एक सुचवायची आणि डॉक्टर दाखवून द्यायची की यात शांत झोपलेला दारूडाही बसेल. छाती दाबताना मोजायचं कसं, यावरही अडलं होतं. कागदावर तीसपर्यंत मोजा असं होतं, आणि लोक एकोणीस, एकोणतीसपाशी अडखळून ताल सोडायचे. फोन घेणाऱ्यांत एक जण पूर्वी बँडमध्ये ढोल वाजवायचा. तो म्हणाला, चारच्या पुढे जायचंच कशाला? एक-दोन-तीन-चार, पुन्हा एक-दोन-तीन-चार. ते त्या दिवसापासून ठरलं.

वाक्यं साध्या माणसाला एका दमात कळली पाहिजेत, म्हणून भोंगा ती घरी म्हणून बघायची. नवऱ्याला कळली तर त्याचा उपयोग नव्हता, तो सगळंच समजून घ्यायचा. एका रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून पुटपुटत होती. आई खुर्चीत बसून शेंगा सोलत होती. कान अजून शाबूत होते तिचे.

"काय म्हणतेस ते मोठ्याने म्हण की," आई म्हणाली. "एवढा आवाज दिलाय देवाने."

भोंग्याने टाळाटाळ केली. आईने हट्ट धरला. शेवटी तिने म्हणून दाखवलं. "हलवून हाक मारली तर ते उठतात का? श्वास नेहमीसारखा आहे का? घोरल्यासारखा, थांबून थांबून येत असेल, तर ती झोप नाही. हृदय बंद पडलंय. आपण आत्ताच छाती दाबायला लागू, मी सांगते तसं करा."

आईचे हात शेंगांवर थांबले.

"म्हणजे ते झोपले नव्हते," आई म्हणाली.

भोंगा खाली तिच्या पायाशी बसली. तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही घरच्यांना सांगायला शिकवलेलं नव्हतं, अटॅक केवढा होता कोण जाणे, असं बरंच काही ती बोलली. आईने ऐकून घेतलं की नाही कळलं नाही. मग तिने परातीतली फोलपटं हाताने एका बाजूला केली.

"ते घोरण्याचं आहे ना, ते ठेव," ती म्हणाली. "तेच ठेव. कुणी काढा म्हणालं तर काढू देऊ नकोस. मला कुणी तेवढं सांगितलं असतं तर मी पडदा ओढला नसता."

त्या दिवशी आई जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जेवली. 'झोपेत गेले' हे वाक्य मात्र पुन्हा तिच्या तोंडून आलं नाही.

साहेबांना नवी वाक्यं पटली, पण वरच्या समितीला पुरावा हवा होता. नव्या प्रश्नांनी भलत्याच लोकांच्या छात्या दाबल्या गेल्या तर? फीट येऊन पडलेल्याच्या, चक्कर आलेल्याच्या? डॉक्टरलाही तो प्रश्न रास्त वाटत होता. म्हणून ठरलं की एक आठवडा जुने प्रश्न, एक आठवडा नवे, असं आलटून पालटून वर्षभर करायचं आणि मग आकडे बघायचे. भोंग्याला हे मनापासून पटलं नाही. पण डॉक्टर म्हणाली की आपल्याला वाटतं ते खरं असेलच असं नाही, तेव्हा तिने मान हलवली.

दुसऱ्याच जुन्या आठवड्यात सकाळी एक फोन आला. एक सून बोलत होती. सासरे अंगणात झाडांना पाणी घालताना कोसळले होते. भोंग्याने पत्ता घेतला, गाडी पाठवली आणि कागदावरचा जुना प्रश्न विचारला. पेशंट श्वास घेतायत का?

"हो, घोरतायत ना. डोळे उघडत नाहीत, पण घोरतायत."

कागदावर पुढचं वाक्य होतं, त्यांना कुशीवर वळवा. भोंग्याने कागद उलटा केला. "ताई, ती झोप नाही. हृदय बंद पडलंय त्यांचं. फोन स्पीकरवर टाका आणि त्यांच्या बाजूला गुडघ्यांवर बसा. छातीच्या मधोमध एक तळवा, त्यावर दुसरा. कोपर वाकवू नका. जोरात दाबा, घाबरू नका, मी मोजते." आणि तिने मोजायला सुरुवात केली. आजूबाजूच्या टेबलांवरच्या माना वळल्या. सून मध्येच म्हणाली की काहीतरी कडकन् मोडलं. भोंगा म्हणाली, मोडू दे, थांबायचं नाही. पलीकडून धापा आणि आकडे एका तालात येत राहिले, गाडीचा भोंगा ऐकू येईपर्यंत. रुग्णवाहिकेच्या लोकांनी यंत्राने झटका दिला. नाडी परत आली.

दुपारी ती स्वतःच डॉक्टरकडे गेली आणि काय केलं ते सांगितलं. रागावणार असाल तर रागवा, म्हणाली.

"पेशंटसाठी तुम्ही केलंत ते बरोबरच आहे, ताई. त्याबद्दल मी कोण रागावणार?" डॉक्टर म्हणाली. "पण हा फोन जुन्या प्रश्नांच्याच खात्यात धरला जाईल. आठवडा जुना होता."

"म्हणजे ते वाचले तर श्रेय जुन्या वाक्यांना?"

"हो. नाहीतर वाचलेले सगळे आपण आपल्याकडे ओढत बसू, आणि शेवटी आपल्याला हवं तेच उत्तर निघेल."

डॉक्टरला अजून सांगायचं होतं, आणि तिला ते जड जात होतं. ज्यांनी ती सगळी ध्वनिमुद्रणं ऐकलीत त्यांना आता जुना प्रश्न जुन्या मनाने विचारता येणारच नाही. तेव्हा जुन्या आठवड्यांत भोंग्याने फोनवर बसू नये, असं तिचं म्हणणं पडलं.

तो दिवस भोंग्याला फार लागला. जिने ही वाक्यं घडवली तिनेच उठून बाजूला बसायचं. घरी येऊन तिने भांडी आदळली, नवऱ्याने मुकाट्याने विसळली. तिने नोकरी सोडायचंही बोलून दाखवलं. पण रागाच्या तळाशी तिला दिसत होतं की डॉक्टर खरं बोलतेय. या वर्षाचं उत्तर नासलं, तर जुना कागद आणखी कित्येक वर्षं त्या टेबलांवर राहणार होता. दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली, आपला फोन ढोलवाल्याच्या शेजारी नव्याने आलेल्या मुलीला दिला आणि छोट्या खोलीत जाऊन ध्वनिमुद्रणं लावली.

वर्षभर तिने हे केलं. एक आठवडा फोनवर, एक आठवडा भिंतीआड. भिंतीआडच्या आठवड्यात पलीकडून कुणाचा तरी आवाज चढला की तिचे हात आपोआप टेबलाच्या कडेवर घट्ट व्हायचे. ती उठायची नाही. दातांवर दात दाबून पुढचं ध्वनिमुद्रण ऐकायची आणि कुठल्या शब्दाला माणूस हलला, कुठल्या शब्दाला थिजला, ते डॉक्टरसाठी टिपून ठेवायची. फोन घेण्यापेक्षा हे कितीतरी कठीण होतं, असं ती पुढेही म्हणायची. अंगणात कोसळलेले सासरे तीन आठवड्यांनी चालत घरी गेले आणि जुन्या खात्यात एक जीव जमा झाला. आनंद तिला झाला, आणि थोडी चिडचिडही झाली. दोन्ही तिने लपवलं नाही.

आकडे येतील तेव्हा ढोल वाजतील, असं भोंग्याला वाटलं होतं. डॉक्टरने शांतपणे एक तक्ता पुढे ठेवला. नव्या आठवड्यांत छाती दाबणं कितीतरी जास्त वेळा सुरू झालं होतं आणि लवकर सुरू झालं होतं. यात शंकेला जागा नव्हती. चालत घरी गेलेली माणसंही नव्या आठवड्यांत जास्त होती, पण छातीठोक सांगावं इतकी नाही. त्यासाठी आणखी शहरं, आणखी वर्षं लागतील. काही भलत्या लोकांच्या छात्या दाबल्या गेल्या, त्यांच्या बरगड्या दुखल्या, कुणाला मोठी इजा झाली नाही. समितीने दोन बैठकांत घासाघीस केली. कुणीतरी म्हणालं की घोरण्याचा उल्लेख भाषेला शोभत नाही, काढून टाकावा. साहेब, जे सुरुवातीला चुका काढतील म्हणून घाबरले होते, तेच उभे राहिले आणि म्हणाले की ते वाक्य राहणार. भोंग्याने त्यांना आधीच गाठून सगळं सांगितलं होतं, आईसकट.

नवा कागद सगळ्या टेबलांवर लागला. नव्याने येणाऱ्यांना शिकवायचं काम भोंग्याकडे आलं. ती त्यांना आधी तो आवाज ऐकवायची, आणि मगच बोलायला लागायची.

आता डॉक्टर आणि ती दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागल्या आहेत. पलंगावर पडलेल्या माणसाची छाती दाबली तर गादीच दबते, म्हणून त्याला जमिनीवर घ्यावं लागतं. आणि फोनवर असते एकटी म्हातारी बायको, समोर दुप्पट वजनाचा नवरा. तिथे पुष्कळ वेळ जातो, पुष्कळ फोन तिथेच संपतात. काय सांगितलं तर तिला जमेल?

परवा सकाळी भोंग्याने नवऱ्याला पलंगावर आडवं केलं आणि अंग सैल सोडायला सांगितलं. तेवढं त्याला छान जमलं. आईला पलंगाशी उभं केलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीत जाऊन, काही दिसणार नाही अशी पाठ करून बसली. तिथून ती सांगू लागली. खालची चादर दोन्ही हातांनी धर. त्यांच्या खांद्यापाशी. आता मागे झुक, हातांनी ओढू नकोस, अंगाने ओढ.

"जावयाला खाली पाडू?" आतून आईने विचारलं. "लोक काय म्हणतील?"

पहिल्यांदा चादर एकटीच आली. दुसऱ्यांदा आईच मटकन पलंगावर बसली. 'मागे झुक' म्हटल्यावर आई नेमकं काय करतेय, ते भोंग्याने आत येऊन पाहिलं, वाक्य बदललं आणि परत जागेवर जाऊन बसली. आधी पाय खाली, मग कंबर, मग डोकं सांभाळून खांदे. तिसऱ्यांदा धपकन आवाज आला, आणि त्यामागून नवऱ्याचं कण्हणं.

"आला," आई धापा टाकत म्हणाली. "पण फार वेळ लागला. परत कर. अजून सोपं सांग."

नवरा उठला, पाठ चोळली आणि पुन्हा पलंगावर जाऊन पडला.